कुंडीखालचा डबा : वेदर्बीतल्या ‘बॉम्बसदृश वस्तू’चं प्रकरण

जुलै २०११च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात, भर बाजारपेठेत, लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने एक छोटा प्लास्टिकचा डबा उडवला. कॅफेजवळच्या फुलझाडांच्या कुंडीपाशी एक माणूस वाकून काहीतरी ठेवताना दिसला होता. त्याचं वागणं चमत्कारिक वाटलं म्हणून पोलिसांना फोन गेला. रस्ता बंद झाला, आसपासची माणसं बाहेर काढली गेली, लष्कराला बोलावणं गेलं. नियंत्रित स्फोट झाल्यावर कळलं, की डबा जिओकॅशिंग नावाच्या खेळातला होता.

कोणाला इजा झाली नाही, त्यामुळे बातमी म्हणून प्रकरण लवकर विरलं. पण ब्रिटनमधले जिओकॅशिंगवाले आजही या गावाचं नाव काढतात, कारण शहरात डबा कसा आणि कुठे ठेवायचा याचे निकष या घटनेनंतर बदलले. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते आणखी एका कारणाने. यातल्या प्रत्येकाने आपलं काम नीट केलं होतं. ज्याने फोन केला त्याचं बरोबर होतं, पोलिसांचं बरोबर होतं, पथकाचंही बरोबर होतं. डबा ठेवणाऱ्याच्या मनात तर काहीच वाईट नव्हतं. तरीही एका गावाचा मध्यभाग ठप्प झाला. मग घोळ झाला कुठे, हे नेमकं शोधायला हवं. ‘लोक उगाच घाबरतात’ किंवा ‘हे खेळाडू बेजबाबदार असतात’ असं म्हणून ते शोधणं टाळता येत नाही.

खेळ जंगलात जन्मला, मग गावात आला

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. दुसरे लोक मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसाच परत लपवून ठेवतात. मोठ्या डब्यात छोट्यामोठ्या वस्तूंची देवाणघेवाणही चालते. बस, इतकंच. जगभरात असे तीस लाखांच्या आसपास डबे आहेत.

सुरुवात झाली २००० साली. त्याआधी अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. १ मे २००० रोजी बिल क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि अचूकता एकदम दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली अर्धी पुरून ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. खेळाचा पहिला डबा म्हणजे ही बादली.

हा इतिहास प्रकरणाशी थेट जोडलेला आहे. जंगलात लपवलेली बादली कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण तिथे डोळेच कमी असतात. तिथे लपवण्याचा हेतू एवढाच, की सहज जाणाऱ्याने ती उचलून नेऊ नये. खेळ गावात आला तेव्हा लपवण्याची सवय तशीच आली, पण भोवतालची माणसं शंभरपटींनी वाढली. जागा कमी म्हणून डबे लहान झाले. कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी डबी, चुंबक लावलेली बोटाच्या पेराएवढी नळी, झाकणाला कड्या असलेला खाऊचा डबा. ते बाकाखाली, कठड्यामागे, कुंडीखाली, दिव्याच्या खांबाच्या तळाशी बसवले जाऊ लागले. दिसू नयेत म्हणून त्यांवर काळी किंवा चट्ट्यापट्ट्यांची कापडी चिकटपट्टी गुंडाळायची पद्धत पडली.

त्या चिकटपट्टीचा डबा हातात घेऊन बघावा. कडा नीट दाबलेल्या, पट्टीवर पट्टी, आत काय आहे ते कुठूनच दिसत नाही. घरी टेबलावर तो छान हस्तकलेचा नमुना वाटतो. तोच कुंडीखाली हात घातल्यावर बोटांना लागला, तर टेपने घट्ट बांधलेली, मुद्दाम दडवलेली वस्तू एवढंच कळतं. वजन थोडं, हलवलं तर आत काहीतरी खुळखुळतं. आपल्याला माहीत असतं, की ती पेन्सिल आहे. दुसऱ्याला ते कसं कळावं?

खेळात आणखी एक रीत मुरलेली आहे. जे खेळत नाहीत त्यांच्या नजरेत यायचं नाही. कोणी बघत नाही ना, हे पाहायचं, मग पटकन वाकायचं, डबा काढायचा, वहीत लिहायचं, परत ठेवायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चालायला लागायचं. कोणी जवळ आलं तर बुटाची नाडी बांधायचं किंवा फोनवर बोलायचं सोंग करायचं. यामागचं कारण खरं आहे. डब्याची जागा फुटली तर तो चोरीला जातो किंवा कोणीतरी मोडून टाकतो. पण हे सगळं समोरच्या काचेआडून बघणाऱ्या माणसाला कसं दिसत असेल? आजूबाजूला चोरट्या नजरेने बघणारा, कुंडीखाली काहीतरी सरकवून लगबगीने निघून जाणारा माणूस. आणि हे एकदाच घडत नाही. डबा लपवणारा एकदा येऊन जातो, शोधणारे महिनोन् महिने येत राहतात आणि प्रत्येक जण तेच नाटक त्याच जागी परत करतो.

त्यात जीपीएसची मर्यादा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल चार-पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो. इमारतींच्या मध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक आणखी वाढते. मग शोधणारा सरळ एका कुंडीपाशी जात नाही. तो बाक चाचपतो, खांबामागे बघतो, दुसऱ्या कुंडीखाली हात घालतो, परत फोनकडे बघतो, परत पहिल्या कुंडीपाशी येतो.

तीन प्रश्न, तिन्ही उत्तरं उलटी

ब्रिटनमध्ये बेवारस वस्तू दिसली तर काय करायचं, याची एक साधी पद्धत रेल्वे पोलिसांनी बसवली. ती आता स्थानकांपासून दुकानांपर्यंत सगळीकडे शिकवली जाते. वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारायचे. ती मुद्दाम लपवलेली आहे का? ती उघडउघड संशयास्पद आहे का, म्हणजे वायर, बॅटरी, टेप, चिकट पदार्थ असं काही दिसतंय का, किंवा कोणी ती संशयास्पद रीतीने ठेवताना दिसलं का? आणि अशी वस्तू त्या जागी नेहमी दिसते का?

ही पद्धत फार हुशारीने बनवलेली आहे. रेल्वे स्थानकावर दररोज असंख्य पिशव्या, छत्र्या, बॅगा विसरल्या जातात. प्रत्येकीसाठी स्थानक रिकामं केलं तर गाड्याच चालणार नाहीत. विसरलेली बॅग लपवलेली नसते, ती बाकावर किंवा जिन्यापाशी उघड्यावर पडलेली असते. तिच्यातून वायर बाहेर डोकावत नसते. आणि स्थानकावर बॅग असणं हे तर अगदी नेहमीचं. तीन प्रश्नांची तीन उत्तरं मिळतात आणि हजार बॅगांमधल्या जवळजवळ सगळ्या जागच्या जागी निकालात निघतात.

आता हेच प्रश्न जिओकॅशच्या डब्याला लावून बघा. मुद्दाम लपवलेला? हो, तोच तर खेळ आहे. संशयास्पद? टेप गुंडाळलेला, ठेवताना माणूस चोरट्यासारखा वागलेला, म्हणजे हो. त्या जागी नेहमी दिसणारा? कुंडीखाली प्लास्टिकचा डबा कोण ठेवतं? विसरलेल्या वस्तू बाजूला काढण्यासाठी जी चाळणी बनवली, तिच्या प्रत्येक जाळीत हा डबा अडकतो. म्हणूनच मी म्हणतो, की कॅफेतून फोन करणाऱ्याने घाबरटपणा केला असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला शिकवलेल्या कसोटीला ती वस्तू पुरेपूर उतरत होती. फोन केला नसता तर ती चूक झाली असती.

जागा आणि काळही लक्षात घ्यायला हवा. वेदर्बी वॉर्फ नदीकाठचं बाजाराचं गाव, लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचं. ते लीड्स महानगराच्या हद्दीत येतं. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये जे स्फोट झाले, त्यांचे बॉम्ब लीड्समधल्याच एका घरात बनवले गेले होते. हल्लेखोरांपैकी बहुतेक याच भागातले. वेदर्बीत डबा सापडला तेव्हा त्या हल्ल्याचा सहावा स्मृतिदिन तोंडावर होता. जानेवारी २०१०पासून ब्रिटनमधली दहशतवादाच्या धोक्याची पातळी वरून दुसऱ्या पायरीवर होती, ती ११ जुलै २०११ रोजी खाली आणली गेली. त्याहून जुनी आठवण वॉरिंग्टनची. मार्च १९९३मध्ये तिथल्या गजबजलेल्या रस्त्यावर कचराकुंड्यांत ठेवलेल्या दोन बॉम्बांनी दोन मुलांचा जीव घेतला. रस्त्यावरच्या साध्या वस्तूत काहीतरी दडवलेलं असू शकतं, हे त्या देशातल्या माणसांनी स्वतः भोगून शिकलेलं आहे.

उघडून का बघितलं नाही?

अशा प्रत्येक घटनेनंतर हा प्रश्न येतोच. एवढासा डबा, काठीने झाकण उडवून बघायचं ना! पण काही बॉम्ब हात लावताच, झाकण उघडताच किंवा कलंडताच फुटतील असे बांधलेले असतात. म्हणून पहिला नियम, हात लावायचा नाही. दुसरा, माणसं लांब न्यायची. ब्रिटनमधल्या सूचनांप्रमाणे पाठीवरच्या बॅगेएवढ्या वस्तूपासून किमान १०० मीटर, मोठ्या सुटकेस किंवा कारपासून २०० मीटर, व्हॅन किंवा ट्रकपासून ४०० मीटर. वस्तूपासून १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा बिनतारी यंत्र वापरायचं नाही. अरुंद बाजारपेठेत १०० मीटरचं वर्तुळ आखून बघितलं तर कळतं, की त्यात अख्खा गावाचा मध्य येतो. डबा मुठीएवढा असला तरी बंद होणारा भाग मुठीएवढा नसतो.

लंडनमध्ये पोलिसांचं स्वतःचं स्फोटकतज्ज्ञांचं पथक आहे. बाकी इंग्लंडमध्ये हे काम लष्कराच्या रॉयल लॉजिस्टिक कोअरकडे असतं. म्हणजे पथक दूरच्या तळावरून येणार आणि तोवर सगळं थांबलेलं राहणार.

पथक आल्यावर पहिली गोष्ट घडते ती म्हणजे चौकशी. यंत्रमानव, अवजड पोशाख हे नंतर. तज्ज्ञ आधी बघणाऱ्याला गाठतो. काय पाहिलंत? कुठे? केव्हा? वेगळं काय वाटलं? वस्तूला कोणी हात लावला का? या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. वेदर्बीसारख्या प्रसंगात ही उत्तरं काय येणार? माणूस वाकला, काहीतरी सरकवलं, निघून गेला. एकही उत्तर असं नाही ज्याने तज्ज्ञाच्या मनावरचं ओझं हलकं व्हावं. चौकशीच्या या टप्प्यावर ‘अहो, तो खेळातला डबा आहे, मालकाने मला सांगून ठेवलाय’ असं म्हणणारा एक माणूस जरी हजर असता, तरी पुढचं सगळं वेगळ्या वाटेने गेलं असतं.

‘नियंत्रित स्फोट’ म्हटलं की लोकांना वाटतं, वस्तूला दारूगोळा लावून ती उडवली. सहसा तसं नसतं. एका जाड नळीतून पाण्याची धार प्रचंड वेगाने वस्तूवर मारली जाते. आतला विद्युतमार्ग पुरा व्हायच्या आत वस्तूच्या चिंधड्या व्हाव्यात, हा उद्देश. धार सोडण्यासाठी काडतूस उडवावं लागतं, त्याचा आवाज बघ्यांना ऐकू येतो. ही नळी बहुधा यंत्रमानवावर बसवलेली असते. ‘व्हीलबॅरो’ नावाचं असं पहिलं यंत्र ब्रिटिश लष्कराने १९७२मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बॉम्बांसाठी तयार केलं, कारण तिथे बॉम्ब निकामी करताना तज्ज्ञच मारले जात होते. हात लावून बघा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लांबून यंत्राने काम करायची ही रीत माणसं गमावून आलेली आहे.

माहिती होती, पण जिथे हवी तिथे नव्हती

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. या डब्याची संपूर्ण माहिती जगात होती. त्याचे अक्षांश-रेखांश, ठेवणाऱ्याचं टोपणनाव, डब्याचा आकार, कोणी केव्हा शोधला याची यादी, सगळं एका संकेतस्थळावर. फुकट खातं उघडून नकाशा बघता येतो. म्हणजे हजारो अनोळखी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट, त्या कुंडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाला ठाऊक नव्हती.

यावर लोक चटकन तीन उपाय सुचवतात. डबा पारदर्शक ठेवा, डब्यावर नाव लिहा, पोलिसांना नकाशा बघायला सांगा. वेदर्बीनंतर ब्रिटनमध्ये गावा-शहरांतल्या डब्यांसाठी निकष कडक झाले, ते साधारण याच दिशेने. डबा शक्यतो आरपार दिसणारा, बाहेरच्या बाजूला खेळाचा ओळख क्रमांक, आणि जागेच्या मालकाची परवानगी. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण त्यांचं वजन सारखं नाही आणि हे नीट सांगितलं जात नाही, असं मला वाटतं.

डब्यावरचं नाव घ्या. ‘हा जिओकॅश आहे, स्फोटक नाही’ असं ठळक लिहिलं, तरी ते वाचायला जवळ जावं लागतं आणि आपण तर सगळ्यांना लांब राहायला सांगतोय. शिवाय बॉम्ब ठेवणारा माणूसही तेच लिहू शकतो. कोणताही तज्ज्ञ केवळ चिठ्ठीवर विसंबून पुढे जाणार नाही, जाऊही नये. नावाचा खरा उपयोग त्याआधी होतो. सफाई कामगाराला कुंडी हलवताना डबा सापडला, त्याने उलटून बघितला, वर लिहिलेलं दिसलं, त्याने हसून परत ठेवला. फोन होण्याआधीची ही पायरी आहे. एकदा फोन गेला की नावाची किंमत जवळजवळ शून्य होते.

पारदर्शक डब्याचंही तसंच. आत वही, पेन्सिल, चार खेळणी दिसली तर बराच संशय मिटतो. यंत्रमानवाच्या कॅमेऱ्यातूनही ते दिसू शकतं, म्हणून हा उपाय नाव लिहिण्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे. पण बोटाएवढ्या चुंबकी नळीला तो लागू होत नाही, आणि पावसाळी हवेत काही महिन्यांत प्लास्टिक आतून धुरकट होतं.

नकाशाचं काय? सगळे डबे नकाशावर दिसतात त्या जागी नसतात. कोड्याच्या प्रकारात नकाशावरची खूण खोटी असते. कोडं सोडवल्यावर खरी जागा कळते आणि ती खुणेपासून तीन किलोमीटरपर्यंत लांब असू शकते. टप्प्याटप्प्याच्या प्रकारात फक्त पहिल्या टप्प्याची खूण दिसते. काही डबे फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांनाच दाखवले जातात. नियंत्रण कक्षातल्या पोलिसाने घाईत नकाशा उघडला आणि त्या रस्त्यावर काहीच दिसलं नाही, तर तो म्हणेल ‘इथे डबा नाही’. ही खात्री काहीच न बघण्यापेक्षा धोकादायक आहे. खऱ्या जागा माहीत असतात त्या डबा ठेवणाऱ्याला आणि प्रकाशनाआधी नोंद तपासणाऱ्या स्वयंसेवकांना. स्थानिक पोलिसांकडे निदान त्या स्वयंसेवकांचा संपर्क हवा.

उरली परवानगी. खेळाच्या नियमांत ती आधीपासून आहे. डबा ठेवणाऱ्याने नोंद भरताना ‘मी परवानगी घेतली आहे’ असं मान्य करायचं असतं. पण स्वयंसेवक प्रत्येक जागी जाऊन बघू शकत नाहीत. ते अंतर तपासतात (दोन डब्यांत किमान १६१ मीटर हवेत), डबा पुरलेला नाही ना ते बघतात, शाळा, विमानतळ, रेल्वेमार्ग, धरण, महत्त्वाचे पूल यांच्याजवळ नाही ना ते बघतात. परवानगीच्या बाबतीत बहुतेक वेळा शब्दावर विश्वास ठेवला जातो. आणि ठेवणारे पुष्कळदा असं समजतात, की सार्वजनिक रस्ता आहे, कोणाला विचारायचं?

मी परवानगीला सगळ्यांत वर ठेवतो, आणि त्यात शिष्टाचाराचा प्रश्न दुय्यम आहे. परवानगी मागताना एक गोष्ट आपोआप होते. त्या जागेशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला डबा आहे हे कळतं. दुकानाचा मालक, बागेचा माळी, ग्रंथालयाचा शिपाई, जो कोणी रोज त्या कुंडीला पाणी घालतो तो. हाच माणूस संशय येणाऱ्यांमध्ये पहिला असतो, आणि तज्ज्ञाच्या चौकशीला उत्तर देणाराही तोच असतो. नाव, पारदर्शकता आणि नकाशा या तिन्ही गोष्टी वस्तूबद्दल किंवा संगणकाच्या पडद्याबद्दल आहेत. परवानगी माणसाच्या डोक्यात माहिती ठेवते, आणि गोंधळाच्या वेळी शोधलं जाणारं ठिकाण तेच असतं. वेदर्बीच्या कॅफेत डब्याची कल्पना असती तर फोनच गेला नसता.

कागदोपत्री परवानगीने हे साधत नाही, हेही सांगायला हवं. नगरपालिकेच्या उद्यान विभागाने पत्र दिलं, पण कुंडीसमोरच्या दुकानदाराला कोणीच सांगितलं नाही, तर नियम पाळला जातो आणि गोंधळ तरी होतोच. दुकानात माणसं बदलतात. दोन वर्षांपूर्वीच्या व्यवस्थापकाला सांगितलेलं नव्याला माहीत नसतं. ज्याचा डबा आहे त्याने अधूनमधून आत डोकावून ‘अजून आहे बरं का’ असं म्हणावं. डब्याची देखभाल म्हणजे ओली वही बदलणं एवढंच धरलं जातं. माझ्या लेखी हे डोकावणंही त्यातच येतं.

शिक्षा कोणाला?

असा गोंधळ झाला की ‘याला अटक करा’ अशी मागणी होते. ब्रिटनमधल्या १९७७च्या फौजदारी कायद्यात बॉम्बची खोटी भीती पसरवणं गुन्हा आहे, पण त्यासाठी तशी समजूत करून देण्याचा हेतू असावा लागतो. वही ठेवलेला डबा लपवणाऱ्याचा तसा हेतू नसतो. बॉस्टनमध्ये ३१ जानेवारी २००७ रोजी याच प्रश्नावर मोठा वाद झाला. एका दूरचित्रवाहिनीच्या जाहिरातीसाठी शहरभर लावलेल्या दिव्यांच्या छोट्या पाट्या बॉम्बसदृश समजून हमरस्ता आणि पूल बंद केले गेले. तशाच पाट्या अमेरिकेच्या आणखी नऊ शहरांत लावलेल्या होत्या आणि तिथे असं काही घडलं नव्हतं. पाट्या लावणाऱ्या दोघांवर गुन्हा नोंदवला गेला, पण समाजसेवा आणि जाहीर माफी यांवर तो मागे घेतला गेला. कंपन्यांनी २० लाख डॉलर भरले. तिथे निदान पैसे भरू शकणारी कंपनी होती. जिओकॅशच्या प्रकरणात दुसऱ्या बाजूला असतो एक सामान्य हौशी माणूस.

शिक्षेची भीती वाढवण्यात मला एक खरा धोका दिसतो. रस्ता बंद झालेला, पोलिसांच्या पट्ट्या लागलेल्या, आणि त्या वर्तुळाच्या बाहेर उभ्या असलेल्या कोणाला तरी कळतं, ‘अरे, तिथे तर आपला डबा आहे.’ त्याला अटकेची भीती वाटली तर तो गुपचूप घरी जाईल. तोच माणूस पट्टीपाशी उभ्या पोलिसाला डब्याचा क्रमांक, आकार, नेमकी जागा आणि आत काय आहे ते सांगू शकला, फोनवर नोंद उघडून फोटो दाखवू शकला, तर तज्ज्ञाच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी ठोस येतं. तरीही तो डबा उडवला जाईल कदाचित, तो निर्णय तज्ज्ञाचा. पण सांगणारा पुढे आलाच पाहिजे आणि त्याला पुढे येता येईल अशी वागणूक पोलिसांनी दिली पाहिजे. एकच गोष्ट त्याने करू नये : ‘मी आणून दाखवतो’ म्हणून पट्टीच्या आत पाऊल टाकणं.

शोधणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. गावात सोंग सोडा. वाकायचं तर उघड वाका. कोणी विचारलं तर खरं सांगा, डबा दाखवा, हवं तर वहीत त्यांचंही नाव लिहून घ्या. त्यामुळे एखादा डबा चोरीला गेला तर जाऊ द्या. भर रस्त्यात लोकांच्या नजरेसमोर चोरट्यासारखं वागल्याशिवाय जो डबा काढता येत नाही, तो तिथे असायलाच नको. ठेवणाऱ्यानेही जागा निवडताना आपण लपवताना कसे दिसू, हे बघू नये. रविवारी दुपारी, गर्दीत, ओळख नसलेला माणूस तोच डबा शोधताना कसा दिसेल, ते डोळ्यांसमोर आणावं. दोन टोकांना टोप्या बसवलेल्या प्लास्टिकच्या नळ्या गावात वापरूच नयेत, पाइप बॉम्ब तसेच दिसतात. लष्कराच्या दारूगोळ्याच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या जंगलात उत्तम टिकतात, पण त्यांवरची मूळ अक्षरं रंगवून झाकल्याशिवाय त्या कुठेही ठेवू नयेत.

सोडून दिलेले डबे

वेदर्बीनंतरचे निकष नव्या डब्यांना लागू होतात. आधीपासून पडलेल्यांचं काय, हा प्रश्न मागे राहतो, आणि त्यातही सगळ्यांत अवघड प्रकार सोडून दिलेल्या डब्यांचा. ठेवणारा गाव सोडून जातो किंवा त्याचा खेळातला रस संपतो. वही भिजल्याच्या तक्रारी येतात, उत्तर मिळत नाही, शेवटी स्वयंसेवक ती नोंद यादीतून काढून टाकतात. नकाशावरची खूण जाते. डबा मात्र होता तिथेच राहतो, टेप सुटत आलेली, अक्षरं पुसट झालेली. आता तो कोणाच्याच यादीत नाही. शोधायला कोणी येत नाही, म्हणून त्याबद्दल सांगू शकणारंही जवळपास कोणी नाही. ज्या दुकानदाराला कधीकाळी सांगितलं होतं तोही बदललेला. सगळे उपाय एकाच वेळी निकामी झालेली अशी ही वस्तू असते आणि ती पुढेमागे कुंडी हलवणाऱ्या कोणाच्या तरी हाती लागणारच.

म्हणून नोंद बंद करताना डबा उचलल्याचा फोटो मागितला जावा. फोटो आला नाही तर त्या भागातल्या दुसऱ्या खेळाडूने जाऊन डबा काढून आणावा, आणि तोवर ती जागा स्थानिक पोलिसांना कळवलेली असावी. गावात हा खेळ खेळणारे बहुतेक एकमेकांना ओळखतात, दर काही महिन्यांनी भेटतात, मिळून कचरा वेचायला जातात. त्या फेरीत अशा डब्यांची यादी बरोबर घेतली तर काम एका सकाळीत होण्यासारखं आहे.